गोड्या पाण्याचं टेंडर

लग्न होऊन मी सफाळ्याच्या आतल्या गावातून समुद्रकाठी आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टींनी माझी बोलती बंद केली. माझी बोलती बंद करणं सोपं नाही, हे माझ्या माहेरी कुणीही सांगेल. एक गोष्ट म्हणजे इथलं पाणी, आणि दुसरी म्हणजे गावाबाहेर किनाऱ्यावर बांधत होते ते अणुवीज केंद्र.

पाणी खारं होतं. आळीतल्या प्रत्येक घरामागे विहीर, प्रत्येक विहिरीला भरपूर पाणी, आणि एकीचंही पाणी तोंडात धरवत नव्हतं. डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवा, ती आपली ताठच. पिण्याचं पाणी गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून आणायचं, तेही रांगेत उभं राहून. माहेरी विहीर घराला लागून होती, त्यामुळे घोटभर पाण्यासाठी एवढी पायपीट करावी लागते हे मला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात डोक्यावर हंडा घेतला आणि घरी येईपर्यंत निम्मं पाणी माझ्या पातळाने पिऊन टाकलं. सासूबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सूनबाय, पाणी घरात आणायचं हाय, अंगावर नाय."

केंद्राचं मात्र काय सांगू! मी मॅट्रिक झालेली होते, अणू हा शब्द पुस्तकात वाचलेला होता. पण डोळ्यांना न दिसणारी वस्तू फोडून तिच्यातून वीज काढायची, आणि ती अख्ख्या मुंबईला पुरवायची, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. एकदा कामावर जाणाऱ्या ओळखीच्या बायकांबरोबर मी पाहायला गेले. जमिनीत एवढा खड्डा खणला होता की तळाशी काम करणारी माणसं ओळखू येत नव्हती. वर यंत्रांचा धडधडाट, सगळीकडे हिंदी, मधूनच विदर्भातली मराठी, मधूनच मला अजिबात न कळणाऱ्या भाषा, आणि शेजारी समुद्र. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. बरोबरच्या बायकांनी हाताला धरून ओढलं तेव्हा भानावर आले. त्या दिवशी मला माणसाच्या जातीचा फार अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली.

आमचं भाताचं शेत त्याच प्रकल्पात गेलं होतं. उरली होती घरामागची, समुद्राच्या अंगाची वाडी. नारळ, चिकू, थोडी केळी. वाडीवर खाऊन-पिऊन सुखी राहता येतं असं गावात म्हणत, पण ते ज्यांच्याकडे शेतही होतं त्यांच्यापुरतं खरं होतं. मी 'हे' म्हणते ते माझे मिस्टर. त्यांना आमच्या एका नातेवाइकाने तिकडे गुजरातेत, कांडला बंदरात काम पाहून ठेवलं होतं. एकदा गेलं की वर्ष-दीड वर्ष घरी यायचं नाव नाही. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. मी उगाच आडपडदा ठेवत नाही: ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं, आणि ते मी त्यांना रोज सांगत होते. त्यांनाही जायचं नव्हतं. पण इथे करायचं काय, हा त्यांचा प्रश्न असायचा आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसायचं.

ते उत्तर बोईसरला एका भिंतीवर चिकटवलेलं सापडलं. केंद्राच्या कामावरच्या मजुरांसाठी छावणी उभी राहिली होती, आणि नळ येईपर्यंत तिला पिण्याचं पाणी पुरवण्यासाठी सरकारने सीलबंद टेंडरं मागवली होती. ते वाचून हे तिथून जवळजवळ धावतच घरी आले. कारण होळीच्या आधी वाडीचं कुंपण नीट करताना यांना केवड्याच्या बनात एक बुजलेली विहीर सापडली होती. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात उधाणाचं पाणी वाडीत घुसलं, विहीर खारावली, म्हणून त्यांनी वर फळ्या टाकून माती ओढली होती. त्यानंतर कितीएक पावसाळे तिच्यावरून गेले. यांनी सहज बादली सोडून पाणी काढलं, तर ते गोड निघालं.

आता यात गंमत अशी होती की हे दुसऱ्या कुणाला कळून चालणार नव्हतं. आमच्या वाडीला लागूनच लॉरीवाल्या काकांची जागा होती. गावात सगळे त्यांना लॉरीवाले म्हणत, हे त्यांना काका म्हणत. त्यांच्या दोन लॉऱ्या होत्या, त्यातली एक त्यांनी केंद्राचं काम मिळेल या भरवशावर नुकतीच घेतली होती. पाण्याचं टेंडर तेही भरणार होते, हे उघड होतं. सगळ्यांची समजूत अशी की किनाऱ्याला गोडं पाणी नाही, म्हणून जो भरेल तो मासवणच्या नदीवरून पाणी आणण्याचा दर भरणार. तेवढ्या लांबची वाहतूक म्हणजे दर चढाच असणार. आमचं पाणी छावणीपासून हाकेच्या अंतरावर. बैलगाड्यांवर पिंपं ठेवून नेलं तरी आमचा दर कमी बसत होता. पण काकांना जर कळलं की शेजारच्या जमिनीखाली गोडं पाणी आहे, तर ते आपल्या जागेत आठवड्याभरात विहीर खणतील आणि लॉऱ्या लावून आमच्याहून कमी दर भरतील. मग कांडला ठरलेलं.

त्यामुळे आमच्या घरात एकाएकी कुजबुज सुरू झाली. हे मला स्वयंपाकघरात येऊन हळूच काही सांगत, मी विचारत असे, "इथे कोण ऐकतंय?" तर हे खिडकी लावून घेत. विहीर उपसायची ती दुपारी, आळी जेवून आडवी झाली की. कप्पी करकरते म्हणून तिला खोबरेल तेल. काढलेला गाळ केळींच्या बुंध्याशी पसरायचा, म्हणजे खत घातल्यासारखं दिसेल. मला माहेरीसुद्धा बोलायची बंदी होती. सासूबाई हे सगळं ओट्यावर बसून पाहत असत आणि एकही शब्द बोलत नसत. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

टेंडर लिहायचं काम माझं, कारण यांचं अक्षर यांनाच लागत नसे. अर्जात पाण्याचा स्रोत, म्हणजे पाणी कुठून आणणार ते लिहायचं होतं. आणि टेंडरं उघडतात ती सगळ्या ठेकेदारांसमोर. म्हणजे आपणच आपल्या हाताने गुपित वाचायला द्यायचं. यांनी कामावरच्या ऑफिसात जाऊन साहेबांना विचारलं. साहेब तरुण होते, नागपूरकडचे, नाकासमोर चालणारे. ते म्हणाले, "स्रोत लिहावाच लागेल. पण सगळ्यांसमोर मी फक्त दर वाचतो. स्रोत वेगळ्या पाकिटात घाला, लाख लावा, वर गोपनीय असं लिहा. ज्याचा दर सर्वांत कमी त्याचं पाकीट मी एकट्याने फोडीन. बाकीच्यांची पाकिटं जशीच्या तशी परत मिळतील."

हे घरी येऊन मला ते सगळं सांगत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी खड्ड्याकाठी उभी असताना माझ्या चेहऱ्यावर असेल तसलाच भाव होता. एवढं मोठं सरकार, त्याला आमच्या केवड्याच्या बनाचं काय पडलंय! तरी त्या सरकारात आमचं गुपित झाकून ठेवायची सोय होती. मला ते फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

लाख आणि जाड पाकिटं घ्यायला आम्ही दोघं पालघरला गेलो. बोईसरला घेतलं असतं तर कुणीतरी पाहिलं असतं, हे यांचं म्हणणं. दिवस मजेत गेला, आम्ही हॉटेलात बसून भजीसुद्धा खाल्ली. संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई ओट्यावर पाय पसरून बसलेल्या. समोर तीन-चार घागरी पालथ्या घातलेल्या, कपाळावर ताजं कुंकू, चेहरा दमलेला आणि एकदम तृप्त.

"आई, घागरी बाहेर कशा?" यांनी विचारलं.

"पाणी वाटून आले," सासूबाई म्हणाल्या.

"कसलं पाणी?"

"आपल्या विहिरीचं. काल गाळ सरला, आज नितळ झालं. विहिरीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, न् आळीत घरोघर घागर घातली. नव्या विहिरीचं पाणी आळीला दिल्याबिगर घरात पितात का कोण?"

मी हे कधी ऐकलं नव्हतं. आमच्या सफाळ्याकडे असं करत असतील-नसतील. पण इथे ती रीतच होती. विहीर नवी असो की पुन्हा उघडलेली, पहिलं पाणी आळीत फिरवायचं, मग आपण प्यायचं. यांनाही ती माहीत होती, पण लपवाछपवीच्या नादात हे विसरले होते आणि आई विसरल्या असतील असं धरून चालले होते.

"घरोघर म्हणजे... काकांकडेपण?" यांनी विचारलं.

"त्यांच्याकडं पयली घागर. शेजार हाय तो आपला."

हे ओट्याच्या पायरीवर मटकन बसले. मी मात्र उभीच होते आणि माझा तोल सुटला. मी सासूबाईंना म्हणाले की आम्ही महिनाभर चोरासारखे वागलो ते कशासाठी, तुम्ही एका दुपारीत सगळं धुऊन टाकलंत, आता हे कांडल्याला जातील तेव्हा हंडे भरून आळीत वाटत बसा. आणखीही बरंच बोलले. सासूबाईंनी मला अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "तुमी त्या सरकारला गुपित ठेवायला सांगितलंत. आमी कुणाला सांगितलं नाय, पाजलं. न् पाणी लपवून प्यायचं असंल तर मला नको ती विहीर, परत बुजवा." मग उठून त्यांनी घागरी आत नेल्या. त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे काकांच्या जागेकडे डोळे लावून बसले. आज खणणारे येतील, उद्या येतील. कुणी आलं नाही. आळीतही कुणी चकार शब्द काढेना. एवढं पाणी प्यायले, बरं आहे म्हणाले नाहीत, कुठलं आहे विचारलं नाही. मला वाटलं, सगळे आतून काकांना सामील आहेत. दुपारी भांडी घासायला मागच्या अंगणात गेले तर केवड्याच्या बनातून समोरच्या घरची आजी बाहेर येत होती. डोक्यावर पाटी, पाटीत सुक्या झावळ्या. झावळ्यांखाली कळशी. मला पाहून ती थबकली, मग म्हणाली, "तुजी सासू बोलली, रोज ने म्हणून."

"मग झावळ्या कशाला, आजी?"

"ज्या पोरानं कप्पीला खोबरेल लावलं त्याला काय पायजे ते न कळायला आमी काय येडे हाय?" आजी म्हणाली आणि तशीच झावळ्या सावरत निघून गेली.

तिच्यामागून एकेक करून बाकीच्या आल्या. कुणाच्या पाटीत शेण, कुणाच्या पाटीत केळीची पानं, खाली कळशी. त्यात काकांच्या घरच्या काकूही होत्या. त्या माझ्याशी एरवीसारखंच बोलल्या आणि पाणी भरून गेल्या. मी हातात राख घेऊन उभीच. आम्ही दोघांनी मिळून जे गुपित धड सांभाळलं नव्हतं, ते अख्खी आळी न सांगता-सवरता सांभाळत होती. सासूबाईंची माफी मागावी असं वाटलं, पण तेवढी मी सुधारले नव्हते.

मग एके दिवशी जीप आली. ऑफिसातली दोन माणसं किनाऱ्याला कुठे गोडं पाणी आहे का याची चौकशी करत फिरत होती, म्हणजे टेंडरात कुणी काही भरलं तर पडताळून पाहता येईल. मी खिडकीआडून पाहत होते. प्रत्येक दारात तेच विचारलं गेलं आणि प्रत्येक दारात तेच उत्तर आलं. "गोडं? नाय साहेब. इथं सगळं खारं हाय." समोरच्या आजीने तर त्यांना आग्रहाने ओट्यावर बसवून आपल्या मागच्या विहिरीचं पाणी दिलं. एकाने पहिलाच घोट अंगणात टाकला, आजीने "सवय पायजे" असं म्हणून गूळ पुढे केला. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि गेले. मी आणि हे दार लावून हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. जे हसण्यासारखं नव्हतं ते त्या वेळी आमच्या लक्षात आलं नाही.

काकांचं मात्र आम्हाला काहीच समजेना. टेंडर भरायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे येऊन बसले. सासूबाईंनी पाणी दिलं. त्यांनी ते सावकाश संपवलं, लोटा खाली ठेवला, मग नव्या लॉरीच्या टायरांबद्दल बोलले, तिच्यापायी झोप लागत नाही असं म्हणाले, आणि गेले. विहिरीचं नाव नाही की टेंडरचं नाव नाही. "माणूस काय हाय काय कळत नाय," हे म्हणाले. यांना काळजी लागली की तोंडात गावची बोली येत असे.

उघडायच्या दिवशी मी बरोबर गेले. कागदातलं काही विचारलं तर मी सांगावं असं यांचं म्हणणं होतं. पत्र्याच्या त्या ऑफिसात मी एकटीच बाई होते. टेबलावर टेंडरची पेटी, तिला दोन कुलपं. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी हिशेबाच्या कारकुनाकडे, आणि दोघांनी आपापली किल्ली फिरवल्याशिवाय पेटी उघडेना. मला तो सोहळाच वाटला. देवघराचं दार उघडताना सुद्धा आम्ही एवढं जपत नाही. साहेबांनी एकेक पाकीट सगळ्यांना दाखवलं, लाख मोडली नाही ना ते पाहायला लावलं, मग फोडलं. ठेकेदार चौघेच होते. आमचा दर सगळ्यांत कमी. त्यानंतर काकांचा. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मासवणचाच दर भरला होता, हे मला दरावरूनच कळलं. शेजारी आमच्याकडे पाणी आहे हे ठाऊक असताना त्यांनी जमिनीला कुदळ लावली नव्हती की दर उतरवला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी लाजल्यासारखं झालं.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, आम्हाला थांबवलं, आणि आमचं गोपनीय पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग कपाटातून जीपवाल्यांचा कागद काढला.

"तुम्ही लिहिलंय, वाडीतली विहीर. इथे तुमची अख्खी आळी सांगतेय, सगळं पाणी खारं."

मी म्हणाले, "साहेब, आमच्यासाठी तसं सांगितलं त्यांनी. गुपित म्हणून."

"असेल. पण मी ते कसं मानू?"

"तुम्ही चला, पाणी पिऊन बघा. अर्जाबरोबर बाटलीत पाण्याचा नमुनाही दिलाय."

साहेबांना राग आला नव्हता, ते खरंच अडचणीत होते. म्हणाले, "नमुना कुठूनही भरता येतो. आणि विहिरीचं म्हणाल तर दुसऱ्या एका कामावर ठेकेदाराने नदीचं पाणी टँकरने आणून खाऱ्या विहिरीत ओतलं होतं. तपासणीला गोड, दहा दिवसांत पुन्हा खारं. मजूर आजारी पडले. माझ्या छावणीत मला ते नको." त्यांनी जीपवाल्यांचा कागद बाजूला ठेवला. "ज्याला यात तुमच्याकडून काही मिळणार नाही, असा कुणी पाण्याची खात्री देत असेल तर मी मानीन. तुमच्या वाडीला लागून कोण आहे?"

लागून कोण आहे ते साहेबांच्याच कागदावर दुसऱ्या नंबरला होतं. काकांनी आत येऊन एवढंच म्हणायचं होतं की पाणी खारं आहे. ते खोटं आळीने आधीच सांगून ठेवलं होतं, सरकारी कागदावर चढलंही होतं, त्यांना फक्त होय म्हणायचं होतं. आमचं टेंडर बाद, आणि काम काकांना. त्यांच्या नव्या लॉरीला काम, आणि यांना कांडला.

यांनी काकांचं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "त्यांना बोलावलं तर तुमचा स्रोत त्यांना कळेल. तुमची हरकत नाही ना? पाकिटावर गोपनीय लिहिलंय तुम्ही."

त्या माणसाने त्या वेळीही आम्हाला विचारलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. मी म्हणाले, "साहेब, आमच्या विहिरीची पहिली घागर त्यांच्याच घरी गेलीय."

"मग हे पाकीट कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

काका आत आले, टोपी काढून उभे राहिले. साहेबांनी सरळ विचारलं, "यांच्या वाडीत गोडं पाणी आहे का? सांगण्याआधी एक लक्षात घ्या, यांचं टेंडर बाद झालं तर काम तुम्हाला मिळेल. मी ते लपवत नाही."

काकांनी यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. साहेबांच्या टेबलावरच्या पेटीकडे पाहत राहिले. बाहेर कसलं तरी यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं. माझ्या मनात आलं, काकांनी नाही म्हटलं तर मी त्यांना दोष देऊ शकणार नाही. आम्ही त्यांच्यापासूनच तर सगळं लपवत होतो.

"गोड हाय," काका म्हणाले. "पयल्या घागरीपासनं माज्या घरात तेच पितात. कितीबी काढा, दुसऱ्या दिवशी तेवढंच चढतं. मी रोज बघतो भिंतीवरनं. वैशाखात पण आटणार नाय."

"तुम्ही रोज बघता?"

"बघणारच की. माजा धंदा हाय तो."

साहेब उभे राहिले. एका ठेकेदारासाठी साहेब उठून उभे राहिलेले मी त्या ऑफिसात पाहिले. त्यांनी काकांची सही घेतली आणि काम आम्हाला दिलं. मी खड्ड्याकाठी उभी राहून थक्क झाले होते, पण त्या पत्र्याखाली मी जी थक्क झाले ती वेगळीच. समोरच्या माणसाने स्वतःच्या हातातलं काम उचलून दुसऱ्याच्या हातात ठेवलं होतं, आणि टोपी डोक्यावर घालून तो दाराकडे निघाला होता.

बाहेर आलो तर काका लॉरीपाशी उभे. "चला, बसा. घरलाच जायाचं हाय ना," म्हणाले. ती नवी लॉरी होती, आत रंगाचा वास येत होता. हे मध्ये बसले, मी दाराशी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मी वाऱ्यावर ढकलत होते.

पाम गावच्या फाट्यापाशी काका बोलले. रस्त्यावरची नजर न काढता यांना म्हणाले, "तुज्या आईला, वयनींना, येक सांग. फुडल्या टेंडरच्या टायमाला आमच्या घरी पाणी धाडू नका. मंग धंदा करता येत नाय."

ते त्यांनी हसत सांगितलं नाही. खरंच सांगत होते.